नाव आजोबांचे, गुण कोणाचा?



गेल्या महिन्यात देवासहून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. त्याला मुलगा झाला होता, बारसे चार दिवसांवर आले होते आणि घरात दोन पक्ष पडले होते. त्याच्या आईचे म्हणणे, नातवाला त्याच्या दिवंगत आजोबांचेच नाव ठेवावे. पत्नीचे म्हणणे, नाव एखाद्या सद्गुणाचे असावे. म्हणजे मुलाला जन्मभर त्याची आठवण राहील. "सर, आपण इतिहास शिकवता. इतिहास कोणाच्या बाजूने आहे?" असे त्याने विचारले होते. मराठीत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत अंतर फार थोडे. तेव्हा दोन्ही पक्षांकडून नावे ठेवून घेण्याची तयारी करूनच मी उत्तरास बसलो.

माळव्यातील मराठी घराण्यांचा इतिहास वरवर पाहता आजीबाईंच्या बाजूचा आहे. धारच्या पवारांच्या गादीवर आनंदराव व यशवंतराव ही नावे पुन्हा पुन्हा येतात. १९२६ साली गादीवर आलेले आनंदराव हे त्या नावाचे चौथे. देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा भावांपासून थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या, आणि तुकोजीराव हे नाव वंशात फिरत राहिले. आजोबांचे नाव नातवाला देण्याची ही रीत केवळ राजघराण्यांतील नव्हे. सामान्य घरांतही ती होतीच. मौज अशी की, पतीचे नाव उच्चारावयाचे नाही म्हणून आजी त्या नातवाला दुसऱ्याच नावाने हाक मारी. ज्यांच्या प्रेमाखातर नाव ठेवले, त्यांच्याच पत्नीला ते घेता येत नसे!

परंतु नावाबरोबर गुण येतो काय? याचे उत्तर शोधावयास धारच्या किल्ल्यात जावे लागते. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांविरुद्ध बारभाईंनी कारस्थान उभारले, तेव्हा दादांच्या पत्नी आनंदीबाई यांना धारच्या किल्ल्याचा आश्रय मिळाला. तेथे १० जानेवारी १७७५ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव ठेवले बाजीराव. आजोबांचे नाव! ज्या बाजीरावांनी माळव्यात मराठ्यांचा अंमल बसविला आणि १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडी येथे छावणीतच देह ठेवला, त्यांचे नाव नातवाने धारण केले. संकटात सापडलेल्या त्या मातापित्यांनी या नावात केवढी आशा साठविली असेल!

पुढे काय झाले, ते आम्हां वसईकरांना विशेष ठाऊक आहे. आजोबा पेशवे असताना त्यांचे बंधू चिमाजीआप्पा यांनी १७३९ साली पोर्तुगिजांकडून वसई घेतली. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी नातवाने इंग्रजांशी तह करून आपले स्वातंत्र्य त्यांच्या स्वाधीन केले. १८१८ साली ते माल्कमसाहेबांना शरण गेले आणि उरलेले आयुष्य त्यांनी ब्रह्मावर्तास पेन्शनीवर काढले. एकच नाव, एकच रक्त, आणि वसई हे गावही एकच; परंतु आजोबांचे धाडस नातवाला वारशात मिळाले नाही.

मग सद्गुणाचे नाव ठेवावे, हा सूनबाईंचा पक्ष खरा म्हणावा काय? येथे दुसरी एक कथा आठवते. संभाजीराजांच्या पुत्राचे मूळ नाव शिवाजी. १६८९ साली रायगड पडला आणि ते बालक मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाने त्याला "साव", म्हणजे सचोटीचा, असे म्हटले व त्यावरून त्याचे शाहू हे नाव रूढ झाले, अशी परंपरागत कथा आहे. ती खरी धरली, तर मराठ्यांच्या छत्रपतींचे नाव शत्रूच्या छावणीत पडले, आणि तेही एका सद्गुणावरून! १७०७ साली माळव्यातच त्यांची सुटका झाली. पुढे त्यांच्याच कारकीर्दीत पवारांनी धार-देवास येथे पाय रोवले.

आता पाहा: सद्गुणावरून पडलेले हे नाव पुढे पूर्वजाचे नाव झाले. १८८४ साली कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, तेव्हा त्यांना शाहू हे नाव मिळाले. त्यांनी ते नाव नुसते धारण केले नाही, १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून त्या नावाला नवा अर्थ दिला. त्यांची कन्या देवासच्या थोरल्या पातीत दिली होती. तिचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली आजोळी दत्तक गेले आणि शहाजी झाले. विक्रम हे पराक्रमाचे नाव सोडून त्यांनी पूर्वजाचे नाव घेतले. म्हणजे गुणांची नावे आणि पूर्वजांची नावे हे दोन वेगळे प्रवाह नव्हेतच. एकाचे पाणी दुसऱ्यात सतत मिसळत आले आहे.

आम्हां कॅथलिकांच्या घरांतही हेच घडले. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचे नाव द्यावे, असा १९१७ च्या धर्मसंहितेचा दंडक होता. १९८३ च्या संहितेने तो सैल केला आणि विनय, विवेक, आनंद अशी नावे ठेवणे आम्हांला सोपे झाले. पण जुनी नावे तरी कोठे निराळी होती? फेलिक्स म्हणजे आनंदी, व्हिक्टर म्हणजे विजयी, क्लेमेंट म्हणजे दयाळू. कोणा रोमन मातेने आपल्या बाळासाठी निवडलेला गुण पुढे संताचे नाव झाला, आणि तेच नाव वसईच्या वाडीत आमच्या आजोबांचे झाले.

वर्षानुवर्षे हजेरी घेताना मी शांताराम नावाचे तापट आणि धोंडू नावाचे लोण्याहून मऊ विद्यार्थी पाहिले आहेत. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा" ही म्हण आपल्या पूर्वजांना अनुभवानेच सुचली असेल. नाव गुण देत नाही. आईबापांनी काय इच्छिले होते, एवढेच ते सांगते. मात्र मुलाने कधी त्या नावाचा अर्थ विचारलाच, तर सांगावयास घरात काही असावे लागते.

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला उलट प्रश्न केला: तुझ्या वडिलांच्या अंगी कोणता गुण होता? त्याचे उत्तर परवा आले. वडिलांचे कापडाचे दुकान होते. दिलेला शब्द त्यांनी कधी फिरविला नाही, नुकसान सोसले पण फिरविला नाही. आजी आणि सून, दोघींनी मिळून मुलाचे नाव सत्यशील ठेवले. आत्याने ते त्याच्या कानात सांगितले, आणि पतीचे नाव जन्मात न घेतलेली ती आजी आता दिवसातून दहा वेळा नातवाला त्याच्या नावाने हाक मारते.