तलावाच्या पोटातलं रान

तलावाचा इतिहास म्हटला की लोक पाळ कोणी बांधली तेवढंच सांगतात. आज आपण पाण्याखालच्या रानाबद्दल बोलू.

आपल्या भंडारा-गोंदियाकडचे जुने तलाव कोहळी समाजानं बांधले. नवेगावबांध १८व्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पाणी धानाला नि उसाला, मासे ढिवरांच्या जाळ्यात. शिंगाडा, कमळाचा कांदा, देवधान हेही त्याच पाण्यातलं.

मग १९५० चा कायदा आला. १९५१ पासून मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता. गावाचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले, पण गाळ कोणी काढायचा, पाळ कोणी सांभाळायची, हे हळूहळू कोणाचंच काम राहिलं नाही.

त्यात बेशरम शिरली. ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. जनावर तिला तोंड लावत नाही आणि मोडलेली फांदी चिखलात पडली की तिथंच मूळ धरते. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलं! रोहू, कटल्याचं बीज आलं, त्याच्यासोबत कुठं कुठं ग्रास कार्पही आला. हा मासा पाणवनस्पतीच खातो. तळातलं रान गेलं की मरळीच्या पिल्लांना लपायला जागा उरत नाही. गावठी मासा कमी झाला, तशी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरणाऱ्या ढिवर बाईची टोपलीही हलकी झाली.

अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या मच्छीमार संस्थांनी हे काम हाती घेतलं, आणि त्यात बायाही उतरल्या. बेशरम कापून भागत नाही, मुळासकट उपटावी लागते. उन्हाळ्यात पाणी आटलं की तळ नांगरायचा. पावसाळ्यात दुसऱ्या चांगल्या तलावातून हायड्रिला, वॉलिस्नेरिया अशी रोपं आणून मऊ चिखलात लावायची. आम्हा रोवणीवाल्या बायांना हे कोणी शिकवावं लागत नाही, वाकून वाकून कंबर तशीही तयारच असते.

रान धरलं की मासे अंडी घालायला येतात, मागोमाग पाखरं. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटं करतो. त्यांच्यात अंडी नर उबवतो, मादी मोकळी! हे सांगितलं की गटाच्या बैठकीत हमखास हशा पिकतो. सारस मात्र धानाच्या बांध्यांत नि तलावाच्या काठी, जिथं माणसं त्याला राहू देतात तिथंच टिकलाय.

संस्थेच्या सभेत बीज सोडायचा विषय निघेल, तेव्हा ग्रास कार्प नको, हे आम्ही बोलणार आहोत. तुमच्या गावात बीज कोणतं सोडतात, तेवढं विचारून ठेवा.