बर कॅसल

आयर्लंडमधील ऑफली परगण्यातील ऐतिहासिक गढी, तिच्या भोवतीची उद्याने आणि एकोणिसाव्या शतकातील खगोलसंशोधनाचे ठिकाण. देशाच्या मध्यभागी, डब्लिनच्या पश्चिमेस सु. १३० किमी. अंतरावर बर हे गाव असून त्याचे जुने नाव पार्सन्सटाउन. ओ’कॅरल या आयरिश सरदारांची ही जागा १६२० मध्ये लॉरेन्स पार्सन्स यांना मिळाली. पुढे ‘अर्ल ऑफ रॉस’ हा किताब मिळालेले त्यांचे घराणे आजही येथे राहते. वाडा नांदता असल्याने आतील दालने ठरावीक महिन्यांत आणि मार्गदर्शकासोबतच पाहता येतात. बागा मात्र वर्षभर खुल्या असतात.

येथे यावे ते मुख्यतः हिरवळीवरील दोन प्रचंड दगडी भिंती पाहण्यासाठी. त्यांच्यामध्ये सु. १७ मी. लांबीची काळी नळी साखळदंडांनी तोललेली दिसते. तिसरे अर्ल विल्यम पार्सन्स (१८००–१८६७) यांची ही दुर्बीण ‘लेव्हायथन’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्या आरशाचा व्यास १.८३ मी. आणि वजन सु. ३ टन होते. एवढा आरसा ओतून देणारा कारखाना नव्हता, म्हणून अर्लनी गढीच्या आवारातच भट्ट्या उभारल्या, पीट जाळून तांबे आणि कथील वितळवले आणि जहागिरीतील लोहार-मजुरांनाच हे काम शिकवले. कथिलाचे प्रमाण जास्त असलेली ही मिश्रधातू काचेसारखी ठिसूळ. एकदम थंड झाली की तडकणारच. त्यामुळे १८४२ मध्ये ओतलेला पहिला आरसा बंद भट्टीत अनेक आठवडे हळूहळू निववावा लागला. दमट हवेत तो काळवंडे, म्हणून दुसराही तयार केला गेला : एकाला पुन्हा घासून लकाकी आणेपर्यंत दुसरा नळीत बसवायचा. भिंतींच्या बेचक्यातून नळी दक्षिणोत्तर फिरे, पूर्व-पश्चिम मात्र थोडीशीच. तारा समोरून सरकेल तेवढाच वेळ निरीक्षकाच्या हाती असे आणि त्यातही आयर्लंडचे आभाळ बहुधा ढगाळलेले.

तरीही १८४५ च्या वसंत ऋतूत अर्लना श्यामशबल तारकासमूहातील एम ५१ मध्ये भोवऱ्यासारखे वळसे दिसले. सप्तर्षींच्या शेपटीतील मरीचीजवळचा हा अंधुक ठिपका सर्पिल आकाराचा आहे, हे माणसाला तेव्हा प्रथमच कळले. एवढ्या अंधुक वस्तूंची छायाचित्रे तेव्हा घेता येत नसत; डोळ्याला दिसले ते हाताने कागदावर उतरवलेले. एम ५१ ही दीर्घिका आहे, हे ठरायला पुढे पाऊणशे वर्षे गेली. त्याच वर्षी बटाट्यावर रोग पडून महादुष्काळ सुरू झाला. अर्लनी दुर्बीण बाजूला ठेवून दुष्काळनिवारणाचे काम हाती घेतले. १९१७ पर्यंत जगात याहून मोठी दुर्बीण नव्हती. विसाव्या शतकात मोडकळीस आलेली नळी १९९० च्या दशकात दुरुस्त होऊन त्यात अॅल्युमिनियमचा नवा आरसा बसला. जुना लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

अर्लच्या पत्नी मेरी रॉस (१८१३–१८८५) यांच्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. दुर्बिणीच्या खर्चाला त्यांच्या माहेरच्या संपत्तीचा मोठा आधार होता, आणि त्या स्वतः छायाचित्रणकलेच्या सुरुवातीच्या काळातील निष्णात छायाचित्रकार होत्या. गढीत त्यांची काळोखी खोली पुढे साहित्यासह जशीच्या तशी सापडली. ज्येष्ठ पुत्र लॉरेन्स यांनी चंद्राकडून येणारी उष्णता मोजली. धाकटे चार्ल्स यांनी १८८४ मध्ये वाफेचे टर्बाइन सिद्ध केले. घराण्याच्या नात्यातील सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ मेरी वॉर्ड १८६९ मध्ये बर येथेच वाफेच्या गाडीवरून पडून चाकाखाली सापडल्या. यांत्रिक वाहनाच्या अपघातातील जगातील पहिला ज्ञात मृत्यू म्हणून त्याची नोंद केली जाते. तबेल्यांत मांडलेल्या विज्ञान प्रदर्शनात या कुटुंबाची उपकरणे आणि छायाचित्रे पाहायला मिळतात.

सु. १२० एकरांच्या उद्यानात तळे आहे, नदीवर एकोणिसाव्या शतकातील लोखंडी झुलता पूल आहे. बॉक्स झुडपांच्या तीनशे वर्षांच्या कुंपणभिंती जगातील सर्वांत उंच समजल्या जातात. त्यांच्या मधून चालताना उभ्या हिरव्या गल्लीतून गेल्यासारखे वाटते. सहावे अर्ल मायकेल आणि त्यांच्या पत्नी अॅन यांना वनस्पतींचा ध्यास होता. चीनमधून आणलेल्या बियांची झाडे येथे वाढली, आणि येथील एका पिवळ्या वृक्ष-पिओनीला अॅन यांचेच नाव आहे.

२०१७ मध्ये याच आवारात ‘आय-लोफार’ हे रेडिओ दुर्बिणीचे केंद्र सुरू झाले. युरोपभर पसरलेल्या जाळ्याचा तो एक भाग असून रेडिओलहरींना ढगांचा अडथळा होत नसल्याने त्याचे काम मेघाच्छादित दिवशीही चालते.