वेग आणि विश्वासार्हता : ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेला कंपाइल केलेला कोड जोडण्याचा इतिहास
(शिरूर व दौंड तालुक्यांतील अभ्यासाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ग्रामीण भागातील महाविद्यालयांत अर्थशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र व संख्याशास्त्र या विषयांच्या संशोधनात आज ‘आर’ या मुक्त संगणकीय भाषेचा वापर सर्रास होतो. ही भाषा विनामूल्य आहे, तिच्यात तयार पद्धती विपुल आहेत आणि साध्या संगणकावरही ती चालते. तथापि माहिती वाढली, की तिचा वेग अपुरा पडतो. त्यावर उपाय म्हणून आकडेमोडीचा जड भाग सी, सी प्लस प्लस किंवा फोरट्रान या भाषांत लिहून, तो कंपाइल करून ‘आर’ला जोडला जातो. या जोडणीत अनेक दोष उद्भवतात. काही दोष काम थांबवतात, तर काही काम न थांबवता चुकीचे उत्तर देतात. दुसऱ्या प्रकारचे दोष संशोधनाच्या दृष्टीने अधिक घातक होत. प्रस्तुत लेखात या जोडणीचा ऐतिहासिक आढावा घेऊन तिच्यातील दोषांची मीमांसा केली आहे.

उद्दिष्टे

१) संख्याशास्त्रीय भाषा व कंपाइल केलेला कोड यांच्या संबंधाचा इतिहास मांडणे.
२) जोडणीतील प्रमुख दोष व त्यांची कारणे स्पष्ट करणे.
३) शिरूर व दौंड या अवर्षणप्रवण तालुक्यांतील माहितीच्या अभ्यासात या दोषांचे परिणाम काय होऊ शकतात, हे दाखविणे.

हाताने केलेल्या गणनेचा काळ

या परिसराला आकडेवारीची परंपरा नवी नाही. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगल उसळली व तिचे लोण आसपासच्या भागात पसरले. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची आकडेवारी गोळा केली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाशी संबंधित असलेले हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी कानिटकर यांनी शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाचा जमीन, पिके, कर्ज व उत्पन्न या अंगांनी अभ्यास केला. तो १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्व अभ्यासांत प्रत्येक बेरीज माणसाच्या नजरेखालून जात असे. एखाद्या कुटुंबाची नोंद मिळाली नसेल, तर ती रिकामी जागा गणकाला समोर दिसत असे. गणना संथ होती. पण नोंद कोठे अपुरी आहे, याचे भान गणना करणाऱ्यालाच राहत असे.

पुण्यातील दुसरे उदाहरण दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करीत असताना त्यांनी १९४४ मध्ये जनुकांमधील पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून त्यांचे नकाशावरील अंतर काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. ‘कोसंबी फलन’ या नावाने ते आजही जगभर वापरले जाते. या सूत्राची पुढील वाटचाल प्रस्तुत विषयाशी थेट निगडित असल्याने तिचा विचार पुढे केला आहे.

फोरट्रानपासून ‘आर’पर्यंत

१९५७ मध्ये आयबीएम कंपनीने फोरट्रान ही भाषा उपलब्ध केली. सूत्रे जवळजवळ गणिती रूपात लिहिता येऊ लागली आणि कंपाइलर त्यांचे यंत्रभाषेत रूपांतर करू लागला. त्यामुळे वेग मिळाला. परंतु प्रत्येक लहान प्रश्नासाठी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स, रिचर्ड बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘एस’ या भाषेची आखणी सुरू केली. प्रयोगशाळेतील फोरट्रानमधील तयार आज्ञावली संशोधकाला सुलभ शब्दांत वापरता याव्यात, हा तिचा मूळ हेतू होता. म्हणजेच संख्याशास्त्रीय भाषेला कंपाइल केलेला कोड जोडणे ही नंतरची सोय नसून, त्या भाषेच्या जन्माचेच ते कारण होते.

‘एस’च्या धर्तीवर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ‘आर’ विकसित केली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पुण्यात सुधा पुरोहित, शरद गोरे व शैलजा देशमुख यांचे ‘स्टॅटिस्टिक्स यूजिंग आर’ हे पाठ्यपुस्तक २००८ मध्ये प्रकाशित झाले. आपल्या विद्यापीठ क्षेत्रातील अध्यापनात ‘आर’ रुजण्याच्या प्रक्रियेतील हा एक महत्त्वाचा टप्पा मानता येईल.

वेग का कमी पडतो ?

‘आर’ची आज्ञा इंटरप्रिटर चालवतो. दोन संख्यांच्या बेरजेआधीही त्या संख्या कोणत्या प्रकारच्या आहेत व कोणती क्रिया लागू करावयाची, हे तपासले जाते. एकच क्रिया लाखो वेळा करावयाची असता ही तपासणीही लाखो वेळा होते. कंपाइल केलेल्या कोडमध्ये हे निर्णय आधीच झालेले असतात.

तथापि मंद गतीचे कारण प्रत्येक वेळी भाषेतच असते असे नाही. जुन्या मालिकेला प्रत्येक फेरीत एक नवी संख्या जोडत गेल्यास संपूर्ण मालिकेची पुन्हा नक्कल होते. अशा रीतीने १०,००० संख्या जमविताना सुमारे ५ कोटी नकला होतात. आधीच पुरेशी जागा राखून ठेवली, तर हा भार कोणत्याही दुसऱ्या भाषेविना नाहीसा होतो. तसेच एकूण वेळेपैकी ६० टक्के वेळ एखाद्या भागात जात असेल, तर तो भाग कितीही वेगवान केला तरी एकूण काम अडीच पटींपेक्षा अधिक जलद होऊ शकत नाही. म्हणून वेळ नेमका कोठे जातो, याचे मोजमाप प्रथम करणे इष्ट ठरते. ‘आर’मध्येच त्याची सोय आहे. शिवाय २०१७ मधील ३.४.० या आवृत्तीपासून ‘आर’ स्वतःच फलनांचे बाइटकोडमध्ये रूपांतर आपोआप करते. त्यामुळे साध्या फेऱ्यांचा वेग पूर्वीपेक्षा वाढला आहे.

जोडणीच्या पद्धती व त्यांतील दोष

‘आर’मध्ये जोडणीचे दोन प्रमुख मार्ग आहेत. ‘डॉट-सी’ व ‘डॉट-फोरट्रान’ या जुन्या मार्गाने प्रामुख्याने साध्या मालिका पाठविता येतात. ‘डॉट-कॉल’ या मार्गाने ‘आर’मधील वस्तू तिच्या मूळ रूपातच दिली जाते. तो अधिक कार्यक्षम आहे. मात्र स्मृतीच्या रक्षणाची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर येते. हे काम सुलभ करण्यासाठी २००५ च्या सुमारास डॉमिनिक सॅम्पेरी यांनी आरंभिलेले व पुढे डर्क एडेलबुटेल आणि रोमँ फ्रान्स्वा यांनी नव्याने घडविलेले ‘आरसीपीपी’ हे पॅकेज आज सर्वाधिक प्रचलित आहे.

या जोडणीतील दोषांचे चार वर्ग करता येतात.

पहिला वर्ग बांधणीचा. विंडोज प्रणालीवर कंपाइलर आपोआप उपलब्ध नसतो. ‘आरटूल्स’ हा संच वेगळा बसवावा लागतो व तो ‘आर’च्या आवृत्तीशी जुळणारा असावा लागतो. २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून ३२-बिट विंडोजसाठीचा आधार बंद झाला. त्यामुळे महाविद्यालयातील जुन्या संगणकांवर नवी आवृत्ती चालत नाही. फोल्डरच्या नावातील मोकळी जागाही कधी कधी बांधणी अडवते. सी प्लस प्लसचा कंपाइलर फलनांची नावे बदलून नोंदवतो. त्याला तसे न करण्याची सूचना दिली नाही, तर ‘आर’ला फलन सापडत नाही.

दुसरा वर्ग संकेतभेदाचा. ‘आर’मध्ये मोजणी १ पासून, तर सी भाषेत ० पासून सुरू होते. ‘आर’ मॅट्रिक्स स्तंभानुसार साठवते. सी भाषेची रीत ओळीनुसार आहे.

तिसरा वर्ग स्मृतीचा. ‘आर’ न वापरलेली स्मृती वेळोवेळी परत घेते. जी वस्तू वापरात असल्याचे कळविलेले नाही, ती मधूनच नाहीशी होऊ शकते. हा दोष दहा वेळा लपतो व अकराव्या वेळी संपूर्ण सत्र बंद पाडतो. प्रत्येक टप्प्यावर स्मृतीची सफाई घडवून आणणारी ‘आर’मधील चाचणी वापरल्यास तो लवकर उघडकीस येतो.

चौथा वर्ग अर्थाचा. यात एकक व रिक्त नोंद यांचा समावेश होतो. पुढील दोन उदाहरणे याच वर्गातील आहेत.

कोसंबी फलनाचे उदाहरण

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर/क्यूटीएल’ या जनुकीय पॅकेजमध्ये जड गणना सी भाषेत असून नकाशा तयार करताना कोसंबी फलन निवडण्याची सोय आहे. त्याच्या ‘आर/क्यूटीएल२’ या पुढील रूपात सी प्लस प्लस व आरसीपीपी यांचा वापर झाला. पुण्यात मांडले गेलेले सूत्र अशा रीतीने कंपाइल केलेल्या कोडचा भाग बनले. मूळ सूत्रात अंतर मॉर्गन या एककात घेतल्यास त्याच्या दुपटीच्या हायपरबोलिक टॅन्जंटचा निम्मा म्हणजे पुनर्संयोगाचे प्रमाण होय. व्यवहारात अंतर सेंटिमॉर्गनमध्ये दिले जाते. २० सेंटिमॉर्गनसाठी योग्य उत्तर सुमारे ०.१९ येते. परंतु स्वतः जोडणी लिहिताना एकक न बदलता २० ही संख्या तशीच पाठविली, तर उत्तर ०.५ येते, म्हणजे जवळची जनुके परस्परांशी असंबद्ध ठरतात. संगणक कोणतीही सूचना देत नाही, कारण ०.५ हे उत्तर गणिती दृष्ट्या वैधच असते.

रिक्त नोंद आणि दुष्काळाचे वर्ष

शिरूर व दौंड हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत या दोहोंचा समावेश होता. त्यामुळे कमी पावसाची वर्षे मोजणे हा येथील अभ्यासकांचा नित्याचा विषय आहे. स्पष्टीकरणासाठी एक काल्पनिक मालिका घेऊ. ३० वर्षांपैकी ८ वर्षांत पाऊस ५०० मिलिमीटरपेक्षा कमी आहे, १९ वर्षांत त्याहून अधिक आहे व ३ वर्षांची नोंद नाही. ‘आर’मध्ये रिक्त नोंदीची तुलना केल्यास उत्तरही रिक्तच येते व अभ्यासकाला निर्णय घेणे भाग पडते. सी भाषेत मात्र तसे घडत नाही. पूर्णांक प्रकारात ‘आर’ची रिक्त नोंद ही उणे २,१४,७४,८३,६४८ या संख्येच्या रूपात असते. ती ५०० पेक्षा अर्थातच कमी असल्याने तिन्ही वर्षे दुष्काळी मोजली जातात व उत्तर ११ येते. दशांश प्रकारात रिक्त नोंदीची ‘पेक्षा कमी’ किंवा ‘पेक्षा अधिक’ अशी तुलना असत्य ठरते. उत्तर ८ येते आणि ती तीन वर्षे पुरेशा पावसाची म्हणून गणली जातात. प्रमाण पहिल्या रीतीने ३६.७ टक्के, दुसऱ्या रीतीने २६.७ टक्के, तर उपलब्ध २७ वर्षांच्या आधारे २९.६ टक्के होते. आरसीपीपी वापरूनही एकेका घटकाची तुलना केल्यास हा दोष तसाच राहतो.

येथे एक ऐतिहासिक बाब लक्षणीय आहे. ‘डॉट-सी’ हा जुना मार्ग मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय रिक्त नोंद पुढे जाऊ देत नाही. तो काम थांबवतो. ‘डॉट-कॉल’मध्ये अशी तपासणी नाही. वेग व लवचीकता वाढली, तेव्हा रक्षणाचे काम यंत्रणेकडून अभ्यासकाकडे आले.

निष्कर्ष

१) कंपाइल केलेल्या कोडची जोडणी हे संख्याशास्त्रीय भाषांचे मूळ अंग आहे.
२) जोडणीपूर्वी वेळेचे मोजमाप व ‘आर’मधील लेखनाची सुधारणा करावी, अनेकदा तेवढ्यानेच भागते.
३) मूळ ‘आर’मधील संथ आज्ञावली टाकून न देता, लहान माहितीवर दोन्हींची उत्तरे ताडून पाहावीत. त्या माहितीत रिक्त नोंद, शून्य व टोकाच्या संख्या असाव्यात.
४) एकक, मोजणीचा आरंभ व रिक्त नोंदीचा अर्थ यांची तपासणी जोडणीच्या सीमेवरच करावी.
५) शोधनिबंधात ‘आर’ व पॅकेज यांच्या आवृत्त्यांचा निर्देश करावा.

समारोप

जातेगावच्या अभ्यासकाळी गणकाला जी रिकामी जागा सहज दिसत असे, ती आज लक्षावधी नोंदींत डोळ्यांनी दिसणे शक्य नाही. ती दिसावी अशी व्यवस्था आज्ञावलीतच करावी लागते. दुष्काळ, कर्ज, पीक यांविषयीच्या निष्कर्षांवर गावांना मिळणारी मदत व धोरणे अवलंबून असतात. म्हणून संख्याशास्त्राच्या अध्यापनात केवळ जलद उत्तर मिळविण्याचे तंत्र न शिकविता, ते उत्तर पडताळण्याची रीतही प्रात्यक्षिकांत समाविष्ट होणे अगत्याचे आहे.