प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचे रासायनिक रूपांतरण (जैवचाचण्या)

प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचे रासायनिक रूपांतरण म्हणजे प्लॅस्टिकचा अंतर्भाग तसाच ठेवून केवळ त्याच्या सर्वांत वरच्या थराची रासायनिक रचना बदलणे होय. रक्तद्रवातील प्रतिपिंडे, प्रतिजने किंवा संप्रेरके शोधणाऱ्या चाचण्यांमध्ये जैवरेणू प्लॅस्टिकवर घट्ट आणि कार्यक्षम स्थितीत बसावेत, यासाठी ही प्रक्रिया करतात.

== पार्श्वभूमी ==
१९६७ मध्ये कॅट आणि ट्रेगिअर यांनी प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या किरणोत्सर्गी मापनासाठी वापरल्या. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एव्हा एंगव्हाल व पीटर पर्लमन यांनी एलायझा ही एंझाइमवर आधारित पद्धत मांडली. पुढे ९६ खळग्यांची पॉलिस्टायरिनची प्लेट तिचे नेहमीचे साधन बनली.

== तत्त्व ==
पॉलिस्टायरीन जलविरोधी असते. त्यामुळे प्रथिने त्यावर आपोआप चिकटतात. यास अधिशोषण म्हणतात. (शोषण आणि अधिशोषण यांत गल्लत होऊ नये. फडक्यात पाणी मुरते ते शोषण. रेणू केवळ पृष्ठभागावर धरले जातात ते अधिशोषण.) मात्र अशा प्रकारे चिकटताना प्रथिनाची घडी अंशतः उलगडते, प्रतिजन पकडणारी बाजू कधी प्लॅस्टिककडेच वळते आणि धुताना काही रेणू निघूनही जातात.

यावर उपाय म्हणून सहसंयुजी बंध साधला जातो. वस्त्रोद्योगाशी परिचित सोलापूरकरांना हा भेद सहज कळेल: कच्चा रंग धुण्यात जातो, तर अभिक्रियाशील रंग सुती धाग्याशी रासायनिक बंधाने जोडला जातो.

== पद्धती ==
पॉलिस्टायरिनच्या पृष्ठभागावर बंधासाठी उपयुक्त असा क्रियाशील गट नसतो, म्हणून तो आधी निर्माण करावा लागतो. ऑक्सिजनच्या आयनद्रायूने किंवा अतिनील किरणांनी हायड्रॉक्सिल, कार्बोनिल व कार्बॉक्सिल गट तयार होतात. कार्बॉक्सिल गट कार्बोडायइमाइडने सक्रिय केल्यावर प्रथिनातील लायसिनच्या अमाइन गटाशी अमाइड बंध जुळतो. अमाइनयुक्त पृष्ठभागावर ग्लुटाराल्डिहाइडचा दुवाही वापरतात. प्रतिपिंडाची दिशा योग्य राखायची असल्यास त्याचे बूड धरणारे प्रोटीन-ए आधी बसवतात. उरलेली रिकामी जागा केसीन किंवा अल्ब्युमिनने झाकणे आवश्यक असते. अन्यथा नको असलेली प्रथिने तेथे चिकटून निरोगी व्यक्तीचा नमुनाही सदोष ठरू शकतो.

== महाराष्ट्रातील उपयोग ==
पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विकसित केलेले डेंग्यू व चिकुनगुन्याचे आयजीएम एलायझा संच देशभरातील सरकारी प्रयोगशाळांना पुरवले जातात. त्यांत खळग्याच्या तळाशी मानवी आयजीएमला पकडणारी प्रतिपिंडे असतात. तळावरील लेप असमान असल्यास एकाच रुग्णाचा रक्तद्रव शेजारच्या दोन खळग्यांत वेगळे आकडे दाखवतो, आणि सीमारेषेवरील रुग्णाचे निदान चुकू शकते. म्हणूनच प्रत्येक प्लेटवर ज्ञात सकारात्मक व नकारात्मक नमुने सोबत तपासले जातात. याच संस्थेने मे २०२० मध्ये ‘कोविड कवच’ हा आयजीएम नव्हे, तर आयजीजी प्रतिपिंडे शोधणारा एलायझा संच जाहीर केला. त्यात अडीच तासांत ९० नमुने तपासता येत.

== मर्यादा ==
क्रियाशील गट जितके अधिक तितके उत्तम, हा समज चुकीचा आहे. एकच रेणू अनेक ठिकाणी बांधला गेला तर त्याचे कार्य मंदावते. रूपांतरित पृष्ठभाग कायमही टिकत नाही. साखळ्यांची हालचाल होऊन ध्रुवीय गट आत वळतात आणि पृष्ठभाग पुन्हा जलविरोधी होऊ लागतो. उष्णतेत हा बदल लवकर घडतो, म्हणून आयनद्रायूची प्रक्रिया झाल्यावर पुढील लेप शक्य तितक्या लवकर देतात.