गव्हाणीपासून गोदामापर्यंत

धाराशिव जिल्ह्यातून जाणारी बार्शी लाइट रेल्वे ही 762 मिलिमीटर रुंदीची अरुंद मार्गिका 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. तथापि कुर्डुवाडीला रुंद मार्गाशी गाठ पडताच माल हमालांकरवी एका डब्यातून दुसऱ्यात चढवावा लागे, म्हणजे गाडी वाफेवर आणि मालाची उचल माणसाच्या पाठीवर, अशी ही विजोड व्यवस्था होती. सुट्या मालाची सलग यांत्रिक वाहतूक जिल्ह्यात ठळकपणे रूढ झाली ती साखर कारखान्यांतून, आणि ढोकीचा तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना हे त्यातले जुने नाव होय.

गव्हाण, म्हणजे साखळ्यांवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांचा सरकता तळ असलेली लांब चर, बैलगाडीतून उतरलेला ऊस फिरत्या पात्यांकडे व तेथून चरकांकडे नेते. हंगामाच्या आरंभी मोळीपूजन होते तेही हिच्याच काठी. रस काढलेला भुसा, अर्थात बगॅस, दुसऱ्या साखळीने बॉयलरच्या तोंडाशी जातो आणि त्याच्या वाफेवर चरक फिरत असल्याने ही साखळी थांबणे म्हणजे कारखाना थांबणे, हे उघड आहे. ओलसर साखर मात्र साखळीने खरवडली तर दाणा फुटतो, म्हणून ती थरथरणाऱ्या पन्हाळीवरून उड्या घेत पुढे सरकते व वाळल्यावर बादल्यांच्या उभ्या माळेने वर चढते. पोते शिवले गेले की थप्पी लावण्याचे काम दीर्घकाळ हमालांकडेच राहिले. यंत्राने पोते भरले, पण त्याचे ओझे लगेच हलके केले नाही.