चार इंचांचे बारा इंच : मोटोक्रॉसच्या महागड्या सस्पेन्शनचा इतिहास

१/
१९७३ साली स्वीडनचा होकान अँडरसन २५० सीसी मोटोक्रॉसचा विश्वविजेता झाला. या खेळातील यामाहाचे ते पहिलेच विश्वविजेतेपद. मात्र प्रतिस्पर्ध्यांच्या नजरा खिळल्या होत्या त्या त्याच्या मोटरसायकलच्या मागच्या भागावर. चाकाच्या दोन्ही अंगांना दिसणारे नेहमीचे दोन शॉक ॲब्सॉर्बर तिथे नव्हतेच. आसन आणि पेट्रोलच्या टाकीखाली एकच लांब शॉक आडवा निजवलेला होता.

२/
मोटरसायकलबरोबर आलेले सस्पेन्शन उतरवून त्याजागी काही हजार डॉलरचे दुसरे बसवावे का, हा मोटोक्रॉसच्या मैदानावरचा जुना वाद. त्याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले, कारण त्या पैशांत हाती पडणारी वस्तूच बदलत गेली. हा धागा त्या बदलाचा.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. हा खेळ ब्रिटनमध्ये ‘स्क्रॅम्बल’ या नावाने जन्मला. १९२४ मध्ये कॅम्बर्लीच्या माळरानावर झालेली शर्यत ही त्याची सुरुवात मानली जाते. ५०० सीसी गटाची विश्वविजेतेपद स्पर्धा १९५७ पासून, २५० सीसीची १९६२ पासून. या काळात इंजिने झपाट्याने सुधारली. मागचे चाक मात्र १९७० च्या सुमारासही जेमतेम चार इंच, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर, वर-खाली होत असे. पुढच्या चाकाला सात इंचांच्या आसपास वाव होता.

४/
चार इंचांचा अर्थ असा : उंचवट्यावरून झेप घेतलेली मोटरसायकल जमिनीवर आली की सस्पेन्शनचा वाव क्षणात संपे आणि उरलेला आघात सांगाड्यातून थेट स्वाराच्या कण्यात शिरे. इंजिनात ताकद असूनही ती वापरता येत नसे. चाक हवेत उडाले की ताकद जमिनीला लागणार कशी?

५/
बेल्जियमचे अभियंते ल्यूसियाँ टिल्केन्स यांनी या दुखण्यावर एकाच शॉकची योजना शोधली. मागचा स्विंगआर्म त्रिकोणी करायचा आणि त्याच्या वरच्या टोकाने एक लांब शॉक दाबायचा. कल्पना अगदीच कोरी नव्हती. ब्रिटनच्या फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्येच त्रिकोणी स्विंगआर्मची मोटरसायकल घडवली होती. पण त्या रचनेला मोटोक्रॉसच्या कामाला जुंपले ते टिल्केन्स यांनी.

६/
असे सांगितले जाते, की टिल्केन्स आधी सुझुकीकडे गेले होते. सुझुकीने नकार दिला, यामाहाने हक्क विकत घेतले. सुझुकीला तेव्हा गरज वाटली नसेल, तर तेही समजण्याजोगे आहे : १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे २५० सीसीचे विश्वविजेतेपद जोएल रोबेरने सुझुकीवरच जिंकले होते. चौथ्या वर्षी ते अँडरसनकडे गेले.

७/
यामाहाच्या शॉकमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत फेकते. तो विझवण्याचे काम डॅम्परचे. डॅम्परमधले तेल बारीक वाटांतून ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत जिरते. तेल फार तापले, त्यात हवा मिसळली, की फेस होतो, आणि फेसाला रोध करता येत नाही. फ्रेंच अभियंते द कार्बोन यांनी तेल आणि दाबाखालचा नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पिस्टन घालून या फेसाचा बंदोबस्त केला होता. यामाहाचा शॉक त्याच पद्धतीचा होता.

८/
१९७५ मध्ये यामाहाने हा एकशॉकी अवतार दुकानात आणला. तोवर इतरांनी हातपाय हलवायला सुरुवात केली होती. जर्मनीच्या मायकोने दोन शॉक कायम ठेवून त्यांची जागा स्विंगआर्मवर पुढे सरकवली. तरफेचे साधे गणित : शॉक चाकापासून दूर, तर शॉकच्या तेवढ्याच हालचालीत चाक जास्त हलते. नवे यंत्र नको, फक्त जागा बदलायची.

९/
मग साधे स्वारही करवत आणि वेल्डिंगचा संच घेऊन बसले. सांगाड्यावरचे शॉकचे जुने कान कापून पुढे जोडून घेण्याची एक लाटच आली. आणि इथेच या कथेला खरे वळण मिळते. तरफ लांबली तशी शॉकवरची सक्तीही वाढली. पूर्वी जो शॉक शर्यतभर टिके, तो आता काही फेऱ्यांतच तापून निकामी होऊ लागला. चाकाला वाव मिळाला, पण तो सांभाळणारे उपकरण कुठेच नव्हते. मोटरसायकलबरोबर तर ते नक्कीच येत नव्हते.

१०/
‘आफ्टरमार्केट’ म्हणजे मूळ उत्पादकाबाहेरच्या सुट्या भागांच्या बाजारात सस्पेन्शनचा धंदा फोफावला तो या पोकळीत. कॅलिफोर्नियात बॉब फॉक्स यांनी १९७४ मध्ये एका मित्राच्या गॅरेजमध्ये ‘एअरशॉक्स’ बनवायला घेतले. त्यात लोखंडी स्प्रिंग नव्हती; कोंडलेली हवाच स्प्रिंगचे काम करी. स्वाराने वजनाप्रमाणे दाब कमी-जास्त करावा, इतके सोपे. १९७६ मध्ये केंट हॉवर्टनने हस्कवर्नावर हे शॉक लावून अमेरिकेची ५०० सीसी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

११/
त्याच १९७६ साली स्वीडनमध्ये केंट ओलिन या मोटोक्रॉसच्याच मुशीतल्या तरुणाने ‘ओलिन्स’ स्थापन केली. दोनच वर्षांत, १९७८ मध्ये, सोव्हिएत स्वार गेन्नादी मोइसेयेव्ह ऑस्ट्रियाच्या केटीएमवर ओलिन्सचे शॉक लावून २५० सीसीचा विश्वविजेता झाला. शीतयुद्धाच्या ऐन भरात सोव्हिएत स्वार, ऑस्ट्रियन यंत्र आणि स्वीडिश शॉक!

१२/
१९७७ मध्ये नेदरलँड्समध्ये विम पीटर्स यांनी ‘व्हाइट पॉवर’ सुरू केली. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या केटीएम मोटरसायकलींच्या फोर्कवर जी ‘डब्ल्यूपी’ अक्षरे महाराष्ट्रातल्या तरुणांना रोज दिसतात, ती याच नावाची. त्यांची मुळे मोटोक्रॉसच्या चिखलात आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१३/
त्या दशकापुरते वादाचे उत्तर निःसंदिग्ध होते. महागडा शॉक घेणाऱ्याला फुटपट्टीने मोजता येईल असा वाव मिळे आणि शर्यतीच्या शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारे डॅम्पिंग मिळे. हे दोन्ही कारखाना देत नव्हता. पैसे वसूल होत होते.

१४/
मग कारखाने जागे झाले. कावासाकीची युनि-ट्रॅक १९८० मध्ये, सुझुकीची फुल फ्लोटर आणि होंडाची प्रो-लिंक १९८१ मध्ये विक्रीच्या मोटरसायकलींवर आली. या साऱ्यांत शॉक आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये दांड्यांची जोडणी होती. परिणामी सुरुवातीला मऊ असणारे सस्पेन्शन खोल दाबले जाताना आपोआप कडक होई. मागच्या चाकाचा वाव आता १२ इंचांच्या, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या घरात पोहोचला.

१५/
फुल फ्लोटरच्या वाट्याला कौतुक आले, तसे न्यायालयही आले. डोनाल्ड रिचर्डसन या अमेरिकी संशोधकाने ती रचना आपल्या पेटंटमधली असल्याचा दावा केला. १९८९ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने पेटंटभंगाच्या मुद्द्यावर त्याच्या बाजूने कौल दिला. टिल्केन्स यांची हकिकत खरी धरली, तर मागच्या चाकाच्या बाबतीत बाहेरच्या संशोधकाने सुझुकीला दोनदा गाठले असे म्हणावे लागेल.

१६/
आता एक बारीक पण निर्णायक गोष्ट. ३०० मिलिमीटरचा तो आकडा त्यानंतर चार दशकांत जवळपास हललाच नाही. याहून उंच मोटरसायकल वळणावर डुलते आणि स्वाराचे पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणजे १९८० नंतर महागड्या शॉकवर खर्च करणाऱ्याला जास्तीचा वाव मिळणे बंद झाले. मग त्याला मिळत काय होते?

१७/
याचे एक उत्तर नियमांत सापडते. अमेरिकी संघटनेने १९८६ पासून खास हाताने घडवलेल्या ‘वर्क्स’ मोटरसायकली बंद करून विक्रीतल्याच सांगाड्यावर आणि इंजिनाच्या कवचावर शर्यत खेळण्याची सक्ती केली. सस्पेन्शन मात्र मोकळे ठेवले. त्यामुळे कारखान्याचा पैसा आणि कसब त्या मोकळ्या फटीत ओतले गेले. त्या वर्षी होंडावर जिंकणाऱ्या रिक जॉन्सनची मोटरसायकल दुकानातल्यासारखी दिसे; तिचे शोवा सस्पेन्शन दुकानातले नव्हते.

१८/
पुढे असेच संच ‘ए-किट’ म्हणून सामान्यांनाही विकत मिळू लागले : अधिक काटेकोर घडण, घर्षण कमी करणारे लेप, मोठे पिस्टन. फोर्क आणि शॉक मिळून नव्या मोटरसायकलच्या निम्म्या किमतीच्या आसपास सहज जातात. यात फसवणूक नाही. वस्तू खरोखर उत्तम असते. पण ती ज्याच्यासाठी घडवली, तो स्वार तिहेरी उडीवरून वेगाने खाली येणारा असतो. त्याच्यासाठी बांधलेला कडकपणा रविवारी मैदानावर येणाऱ्या हौशी स्वाराच्या मनगटांना शिक्षाच ठरू शकतो.

१९/
आणि सांगाडाच हट्टी असेल तर सस्पेन्शनही हतबल होते. १९९७ मध्ये होंडाने सीआर २५० आर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यासह आणली. तो इतका ताठ होता की प्रत्येक खड्डा हातांत उतरे, अशी तक्रार सर्वत्र झाली. सुपरक्रॉसचे सलग चार किताब जिंकलेला जेरेमी मॅकग्रा त्याच मोसमाच्या तोंडावर होंडा सोडून गेला. त्यामागच्या कारणांत या सांगाड्याचे नाव हमखास घेतले जाते. कारखान्याचे सर्वोत्तम फोर्क त्याच्या हाताशी होते, हे विसरू नये.

२०/
दुसऱ्या बाजूला मूळ सस्पेन्शनच सुधारत गेले. यामाहाने २००६ पासून वायझेड मालिकेवर दिलेले कायाबाचे स्प्रिंग-फोर्क इतके नावाजले गेले, की ते बदलण्याचे समर्थन करणे अवघड झाले.

२१/
मग इतिहासाने गंमत केली. २०१३ मध्ये होंडाच्या सीआरएफ ४५० आर वर स्प्रिंग नसलेला, हवेवर चालणारा फोर्क आला. वजन घटले, दाब पंपाने बदलता येऊ लागला; बॉब फॉक्स यांच्या शॉकची थोरवी हीच तर होती! पण तापमानाबरोबर हवेचा दाब बदलतो आणि सील घट्ट असल्याने घर्षण वाढते. अनेक स्वार पैसे खर्चून पुन्हा लोखंडी स्प्रिंगकडे वळले. २०१७ मध्ये होंडाही स्प्रिंगवर परतली. १९७६ मध्ये हवेसाठी पैसे मोजले जात होते, चाळीस वर्षांनी हवा काढून टाकण्यासाठी.

२२/
या साऱ्यात एक स्वस्त वाट सतत उपलब्ध होती आणि तिच्याकडे सतत दुर्लक्ष झाले. कारखाना स्प्रिंग निवडतो ती एका ठरावीक वजनाचा स्वार कल्पून. ९५ किलोच्या माणसाला ती मऊ, ५५ किलोच्या मुलाला कडक. स्वार बसल्यावर मागचे चाक साधारण १०० ते १०५ मिलिमीटर, म्हणजे एकूण वावाच्या एक तृतीयांश, दबले पाहिजे. हे मोजायला फक्त टेप आणि एक मित्र लागतो. स्प्रिंग बदलायला शे-दीडशे डॉलर.

२३/
त्यानंतरची पायरी व्हॉल्व्हिंगची. पिस्टनवर पातळ पोलादी चकत्यांची चवड असते. तेल त्या चकत्या वाकवून वाट काढते. त्यांची जाडी, व्यास आणि क्रम बदलला की त्याच शॉकचा स्वभाव बदलतो. अमेरिकेत पॉल थीड यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ‘रेस टेक’सारख्या कार्यशाळांनी हेच काम सामान्यांच्या आवाक्यात आणले. मूळचाच शॉक, आतली मांडणी स्वाराच्या मापाची. वजन आणि वेग या दोहोंना जुळवलेले हे साधे सस्पेन्शन परक्याच्या मापाच्या ए-किटला मागे टाकते. ए-किट घ्यायचेच, तर ही दोन कामे झाल्यावरही घड्याळात काही सेकंद शिल्लक राहतात असे दिसेल तेव्हा घ्यावे. आणि तेवढे अचूक चालवणारे हौशी स्वार फार थोडे असतात.

२४/
आज अमेरिकेत जुन्या मोटरसायकलींच्या शर्यती भरतात. त्यांच्या ‘व्हिंटेज’ गटात सस्पेन्शनच्या वावावर मर्यादा आहे : पुढे सात इंच, मागे चार. अँडरसनच्या आधीचे जग नियमाने जपून ठेवलेले. आणि त्या चार इंचांसाठीसुद्धा नवे, महागडे शॉक बाजारात मिळतात; घेणारे घेतातही.