ओसरीवरचा झोपाळा आणि माजघरातला पाट



मंडळाच्या वाढदिवसाच्या स्मरणिकेसाठी घरसजावटीवर चार ओळी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी हसलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सोफा कसा निवडावा, पडद्याचा रंग भिंतीशी कसा जुळवावा, हे सांगणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. पण गेल्या वर्षी आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली आणि बैठकीच्या खोलीत काय ठेवायचे, यावरून घरात दोन महिने वाद चालला. त्या वादातच मला प्रश्न पडला की आपल्या घरात ही खुर्ची, हे कपाट, हा पलंग आले तरी केव्हा? त्याआधी काय होते? जुन्या माणसांना विचारले, वाचनालयातून दोन-तीन पुस्तके आणली, नगरचे वस्तुसंग्रहालय पाहून आले. त्यातून जे हाती लागले ते लिहिते. २०२४ साली आपल्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळाले, पण जुन्या गोष्टी सांगताना माझ्या तोंडून नगरच येईल, त्याची क्षमा असावी.

प्रथम एक गोष्ट सांगते. आपल्या आजीच्या घरात सामान नव्हते असे आपण म्हणतो, ते खरे नाही. सामान भिंतीत होते. पांढऱ्या मातीची दोन-दोन हात जाडीची भिंत, वर माळवद. त्या भिंतीतच दिव्याची देवळी, कुंकवाच्या करंड्याचा कोनाडा, लाकडी दाराचे फडताळ, धान्याचे बळद. कपड्यांना खुंट्या आणि वळणी, दुधा-तुपाला शिंके, गाडग्यांची उतरंड, पाण्याच्या हंड्याला आणि अंथरुणाच्या वळकटीला घडवंची. घर मोजायचे ते खणांवर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. बसायला घोंगडी, पाहुणा मोठा असला तर सतरंजी किंवा जाजम, त्याहून मोठा असला तर गादी, लोड आणि तक्के. सकाळी अंथरूण गुंडाळले की तीच खोली बैठकीची, दुपारी जेवणाची, रात्री बाळंतिणीची. आज आपण पलंगासाठी एक खोली अडकवतो आणि मग जागा पुरत नाही म्हणून रडतो.

ही रीत गरिबांचीच होती असेही नाही. नगरजवळचा फराहबाग तुमच्यापैकी कित्येक जणींनी पाहिला असेल. निजामशाहीतला, १५८३ च्या सुमारास पुरा झालेला तो अष्टकोनी महाल भोवती पाणी खेळवून बांधला होता. आज आत काही नाही, वटवाघळे तेवढी. पण भरभराटीच्या काळातही तिथे खुर्च्यांची रांग नसणार. त्या काळच्या दरबारांत थाट असे तो गालिच्याचा, गादीचा आणि तक्क्याचा. पेशवाईतही तेच. १७९० साली पुण्यात इंग्रजांचा वकील मॅलेट याने सवाई माधवरावांशी तह केला. त्या दरबाराचे चित्र टॉमस डॅनियल या चित्रकाराने पुढे १८०५ साली पुरे केले. त्यात साहेब लोकसुद्धा खाली, जमिनीवरच्या बैठकीवर बसलेले आहेत. ज्याचे घर त्याची बसण्याची रीत.

आपल्या जामखेड तालुक्यातील चौंडीची लेक अहिल्यादेवी. जन्म १७२५ सालचा. १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने होळकरांचे राज्य चालवले. महेश्वरच्या वाड्यात तिची गादी अजून ठेवलेली आहे. आमच्या सहलीत मी ती पाहिली. साधी पांढरी गादी आणि तक्का. मी तिथे जरा जास्तच वेळ उभी राहिले. सोबतच्या बायका पुढे घाटावर गेल्या. एवढ्या राज्याचा कारभार एका बाईने जमिनीपासून वीतभर उंचीवर बसून केला, हे डोळ्यांनी पाहिल्यावर सोफ्याच्या दुकानातला माझा उत्साह जरा कमी झाला हे खरे.

मग खुर्ची आली कोठून? शब्द तर अरबी आहे. अलमारी हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, गालिचा फारसीतून आणि टेबल इंग्रजीतून. आपल्या घरातल्या लाकडी सामानाची नावेच सांगतात की कोण कोण पाहुणे येऊन गेले. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला, पुढे पेशवाई बुडाली आणि भिंगारला छावणी वसली. छावणीबरोबर साहेबांचे बंगले, आणि बंगल्यांत मेज, खुर्च्या आणि वेताची आरामखुर्ची, जिच्या लांब हातांवर साहेब पाय टाकून पडत. साहेबाची बदली झाली की सामान लिलावात काढण्याची चाल हिंदुस्थानभर होती. अशा लिलावांतून वकिलांच्या, मामलेदारांच्या, सावकारांच्या घरी पहिल्या खुर्च्या शिरल्या.

दुसरी वाट मिशनची. अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले. त्यांच्या मिस सिंथिया फॅरार यांनी नगरात मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे आपण जाणतोच. पुढे मिशनने नगरात सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे असे धंदे शिकवणारी शाळाही काढली. १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आपल्या भागात भयंकर होता. त्यात पोरक्या झालेल्या कित्येक मुलांच्या हाताला अशा शाळांतून काम मिळाले. साहेबाच्या दिवाणखान्यातला गालिचा पाहून आपण वा म्हणतो, पण तो कोणाच्या बोटांनी विणला हेही लक्षात ठेवावे.

तिसरी वाट लाकडाची. आपला जिल्हा कोरडा. अकोल्याकडचा डोंगरभाग सोडला तर इमारती लाकूड थोडेच. गावचा सुतार बलुतेदार. नांगर, पाभर, कुळव करून द्यायचा आणि खळ्यावर धान्य न्यायचा. झोपाळा किंवा पलंग मात्र आमच्या गावी बलुत्यात धरत नसत, त्याची मजुरी वेगळी. १८७८ साली दौंड-मनमाड आगगाडी सुरू झाली आणि दूरचे सागवान जिल्ह्यात आणणे सोपे झाले. आमच्या सासरचा झोपाळा त्यानंतरचाच असावा असे मामंजी सांगत. सव्वादोन हात रुंद अखंड फळी, चार पितळी कड्यांच्या साखळ्या आणि साखळीत मध्येच ओतीव मोर.

भिंतीवरच्या शोभेचे एक सांगते. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी घरोघर पोचल्या. आधी देव देवघरात असत, आता ओसरीवर आले. आणि बायकांनी काय केले? तसबीर काचेतून काढून लक्ष्मीच्या लुगड्यावर जर चिकटवली, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी लावले, आणि पुन्हा चौकटीत बसवली. संग्रहालयांतून आता अशा तसबिरी जपून ठेवतात. मण्यांचे तोरण, क्रोशाचा रुमाल, काचेच्या नळ्यांचा पोपट, भरतकामातले सुस्वागतम्, हे सारे रुखवतातून सासरी जायचे आणि पुष्कळदा सासूच्या पेटीतच राहायचे. घर सजवण्याचा बायकांना जो काही अधिकार होता तो एवढाच, हातभर कापडाएवढा.

आता मुख्य गोष्टीकडे येते. सामान कोणते यापेक्षा त्यावर कोण बसे, हा खरा इतिहास आहे. इंग्रजी अमलात साहेबापुढे खुर्ची मिळणे हा मान होता. उत्तरेकडे तर "कुर्सीनशीन" म्हणून लेखी दाखला देत आणि लोक तो जपून ठेवत. गावातही साहेब होतेच की. गावकुसाबाहेरच्या माणसाला वाड्याची ओसरी चढता येत नसे, खुर्चीची बात दूर. आणि घरातल्या बाईला? झोपाळा पुरुषांचा. गादी पुरुषांची. तिला पाट, तोही सणावारी. एरवी भुई.

माझे लग्न २००० साली झाले. दिवस गेलेले, सातवा महिना. दुपारी पाय सुजले म्हणून ओसरीवरच्या लोखंडी खुर्चीत जरा टेकले. तेवढ्यात मामंजींचे स्नेही दारातून आत आले. मला पटकन उठता आले नाही. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाई, खुर्ची पळून जात होती का?" मी पुढे कित्येक वर्षे त्या घरात खुर्चीवर बसले नाही. सासूबाईंना दोष देत नाही. त्या स्वतः चाळीस वर्षे त्या झोपाळ्याखालून केर काढत होत्या आणि त्यावर बसलेल्या मी त्यांना पाहिले नव्हते. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात मंडळी खुर्च्यांवर आणि मुलगी पाटावर, मान खाली. आपल्यापैकी किती जणी अशा बसल्या असतील, मनाशी मोजा.

आपल्या कालव्याखालच्या गावांत बदल आला तो उसामुळे. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा आला. बँकेचे, कारखान्याचे साहेब घरी येऊ लागले, त्यांना बसवायचे कोठे? म्हणून लोखंडी घडीच्या खुर्च्या आल्या. मग लोखंडी कपाट. गोदरेजने तशी कपाटे १९२३ पासूनच करायला घेतली होती, पण आपल्याकडे ती आली उसाच्या पैशावर, आणि पुष्कळदा लेकीच्या लग्नात. आरसा लावलेले कपाट दिले नाही म्हणून मुलीला बोलणी खावी लागली, हेही या इतिहासातच लिहिले पाहिजे. १९७२ साली मुंबईला दूरदर्शन सुरू झाले, पुढे पेटी खेड्यात आली आणि खोलीतल्या साऱ्या खुर्च्यांची तोंडे तिच्याकडे वळली. पूर्वी ती दाराकडे असत. नंतर प्लॅस्टिकची खुर्ची आली. दिसायला काहीच नाही, उन्हात तडकते, पण मी तिला नावे ठेवणार नाही. हलकी, स्वस्त आणि कोणाच्याही मानाची नाही. पाहिजे त्याने ओढावी आणि बसावे. आपल्या मंडळाच्या पहिल्या हळदीकुंकवाला अशाच भाड्याच्या खुर्च्या होत्या, आणि समोर कोणी पाटावर नव्हते.

आमचा वाडा २०११ साली वाटणीत मोडला. जुने लाकूड घेणारा एक व्यापारी टेंपो घेऊन आला. चार खांब, दगडी तळखड्यांसह, आणि नक्षीचा दरवाजा त्याने नऊ हजारांत उचलला. पुढे एकाने सांगितले की असे खांब शहरातल्या हॉटेलांत शोभेला लावतात आणि एकेकाला त्याहून जास्त पडतात. त्या दिवशी फडताळाच्या दाराला तो हात लावू लागला, तेव्हा सासूबाईच आडव्या झाल्या. म्हणाल्या, "हे माझं आहे. मीठ-मिरचीचे आहे, बापयांचे नाही." ते दार राहिले. झोपाळा मोठ्या दिरांच्या गोठ्यात पडला.

म्हणून नव्या घराच्या वेळी मुलगा सव्वीस हजारांचा सोफा हप्त्याने घेऊ म्हणाला, तेव्हा मी चटकन होय म्हटले नाही. मला गादी-लोड हवे होते, महेश्वर डोळ्यापुढे होते. पण सासूबाईंचे गुडघे! त्यांना खाली बसले की उठता येत नाही. ज्यांनी मला खुर्चीवरून बोल लावले, त्या आता प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून भाजी निवडतात, आणि मी त्यांच्या पायाशी पाटावर बसते ते केवळ सवयीने. जमिनीची बैठक सुंदर खरी, पण म्हाताऱ्या माणसाला ती शिक्षा आहे, हे कॅलेंडरातल्या वाड्यांची चित्रे पाहून हळहळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. शेवटी सोफा घेतला, तो बसायला उंच आणि कडक असा निवडून. फडताळाचे दार नव्या भिंतीत बसवले आणि मागे सिमेंटचा कोनाडा केला. त्यात सासूबाईंची औषधे असतात.

आणि झोपाळा मागून आणला. दीर म्हणाले, "वहिनी, कशाला तो ओंडका?" गुरांनी एक कड खाल्ली आहे, तेवढी सुताराने तासून दिली. गवंड्याने स्लॅबात चार कड्या आधीच टाकून ठेवल्या आहेत. कड्या कोणासाठी, असे सासूबाईंनी विचारले. मी म्हटले, तुमच्यासाठी. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी साखळ्या चिंचेने घासायला बसल्या. साखळ्या तीनच निघाल्या, चौथी वाटणीत कोठे गेली कोणास ठाऊक. हातभर लांबीच्या कड्या, मध्ये पिसारा मिटलेला मोर. कोणा भगिनीच्या माळ्यावर तशी सुटी साखळी पडून असेल तर मला निरोप द्यावा. योग्य किंमत देईन.